घरचें पाणी : थंड कां होत नाहीं, कढत कां होत नाहीं

दारीं आलेल्या माणसापुढें नांवगांव विचारण्यापूर्वीं पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा ठेवावा, ही महाराष्ट्रांतील जुनी चाल आहे. शहरांत गूळ मागें पडला, तांब्याची जागा कांचेच्या पेल्यानें घेतली, आणि अनेक घरांत माठाच्या तिवईवर विजेचें एक यंत्र येऊन बसलें. एका तोटीनें थंड, दुसऱ्या तोटीनें कढत आणि बहुधा तिसऱ्या तोटीनें साधें पाणी देणाऱ्या या यंत्रास बाजारांत डिस्पेन्सर म्हणतात. माठाचा बिघाड ओळखण्यास विद्वत्ता लागत नसे. माठ फुटला म्हणजे ओटा भिजे. यंत्राचें तसें नाहीं. दिवे लागलेले असतात, आंतून गुणगुण ऐकूं येत असते, आणि तरीही थंड तोटीला कोमट पाणी येतें, किंवा कढत तोटीच्या पाण्यांत चहाची पत्ती नुसती तरंगत राहते. अशा वेळीं घरांत दोन पक्ष पडतात. एक नवें यंत्र आणावयास निघतो, दुसरा कारागिरास बोलावूं लागतो. या दोहोंपूर्वीं अर्धा तास शांतपणें कारण शोधण्यांत घालविला, तर पुष्कळदां दोन्ही खर्च वांचतात. आणि कारागीर बोलवावाच लागला, तरी त्याला काय सांगावयाचें हें कळतें.

या शोधाचा आरंभ माठापासूनच करणें सोयीचें आहे. थंडी ही कांहीं पाण्यांत ओतण्याजोगी वस्तु नव्हे. पाण्यांतील उष्णता बाहेर काढतां येते, आणि ती गेली म्हणजे मागें राहतें त्यास आपण थंड पाणी म्हणतों. माठाच्या अंगांतील बारीक छिद्रांतून पाणी पाझरतें आणि बाहेर त्याची वाफ होते. एक ग्रॅम पाण्याची अशी वाफ होण्यास सुमारें ५८० कॅलरी उष्णता लागते, आणि ती बव्हंशीं आंतल्या पाण्यांतून घेतली जाते. म्हणजे एक ग्रॅम पाणी उडून गेलें, तर जवळजवळ ५८ ग्रॅम पाणी १० अंशांनीं निवूं शकतें. या गुप्त उष्णतेचा छडा ग्लासगो येथील जोसेफ ब्लॅक यानें १७६० नंतरच्या थोड्या वर्षांत लावला; परंतु कुंभाराच्या चाकावर तिचा उपयोग त्यापूर्वीं किती तरी शतकें चालूं होता.

नागपूरच्या कोरड्या वैशाखांत माठ उत्तम काम करितो, आणि मुंबईच्या आषाढांत तोच माठ हात टेकतो. कारण हवा आधींच बाष्पानें भरलेली असली, म्हणजे पाण्याची वाफ व्हावयास वाव राहत नाहीं. जुन्या माठाचीं छिद्रें क्षारांनीं बुजतात, तैलरंगानें रंगविलेल्या माठाचीं पहिल्याच दिवशीं बुजतात, आणि बंद कोपऱ्यांत ठेवलेल्या माठाला वारा मिळत नाहीं. या सर्व दोषांचें सार तीन प्रश्नांत येतें : उष्णता पाण्यांतून निघते काय, निघालेली उष्णता कोठें जाते, आणि ती परत तर येत नाहीं ना ? विजेच्या यंत्राची थंड बाजू तपासतांना हेच तीन प्रश्न पुरतात.

यंत्रें या कामीं दोन वाटांनीं जातात, आणि गमतीची गोष्ट अशी कीं दोन्ही वाटा १८३४ या एकाच सालांतील आहेत. त्याच्या आदल्या वर्षीं बॉस्टनहून ‘टस्कनी’ नांवाचें जहाज गोठलेल्या तळ्यांचा बर्फ घेऊन कलकत्त्यास आलें होतें. म्हणजे ज्या काळीं थंडी जहाजांत भरून आणावी लागे, त्याच काळीं ती घरीं करण्याची युक्ति निघत होती. लंडन येथें राहणाऱ्या जेकब पर्किन्स या अमेरिकन यंत्रज्ञानें ईथरची वाफ दाबून आणि पुन्हां मोकळी सोडून थंडी निर्माण करणाऱ्या यंत्राचें पेटंट १८३४ त घेतलें. घरांतील शीतकपाट आणि कॉम्प्रेसर असलेला डिस्पेन्सर हे दोन्ही त्याच वंशांतले. त्याच वर्षीं पेल्टिए या फ्रेंच संशोधकानें असें दाखविलें कीं, दोन निराळ्या धातूंच्या सांध्यांतून विजेचा प्रवाह सोडला असतां एक सांधा थंड होतो आणि दुसरा तापतो. लहान व स्वस्त डिस्पेन्सरमध्यें कॉम्प्रेसर नसतो. या तत्त्वावर चालणारी एक चपटी वडी आणि तिच्या पाठीशीं एक पंखा असतो. आपल्या घरीं कोणत्या वंशाचें यंत्र आहे, हें प्रथम ठरवावें. पाठीमागें काळ्या नळ्यांची जाळी आणि खालीं काळा लोखंडी गोळा असेल, तर कॉम्प्रेसर समजावा. नुसती जाळीची खिडकी आणि पंखा असेल, तर दुसरा प्रकार.

त्यानंतर पाठीवरील पट्टी वाचावी. कॉम्प्रेसर असलेलें सामान्य घरगुती यंत्र तासाला सुमारें २ लिटर थंड आणि ५ लिटर कढत पाणी देतें. थंड पाणी बहुधा १० अंश सेल्सिअसच्या आसपास आणि कढत पाणी ८५ ते ९५ अंशांच्या दरम्यान असतें. पंख्याच्या यंत्राची थंड पाण्याची शक्ति तासाला लिटरभर किंवा त्याहूनही कमी असते, आणि तें पाणी १५ अंशांच्या जवळपास थांबतें. आतां घरीं पंधरा पाहुणे आले आणि प्रत्येकाने २०० मिलिलिटरचा एक पेला घेतला, तर तीन लिटर पाणी गेलें. थंड टांकी बहुधा एवढ्याच मापाची असते. पुढची टांकी निवण्यास दीड तास हवा. सोळाव्या पाहुण्यास कोमट पाणी मिळालें, तर तो यंत्राचा रोग नव्हे. तो पंगतीचा हिशेब आहे.

यानंतर मोजमाप. हाताच्या स्पर्शावर भरंवसा ठेवूं नये, हें जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञानें १६९० सालींच लिहून ठेविलें. एकच पाणी एका हातास गार आणि दुसऱ्या हातास ऊन कसें लागतें, हें त्यानें दाखविलें. उन्हांतून आलेल्या माणसास जें पाणी गार लागतें, तेंच पंख्याखालीं बसलेल्यास साधें वाटतें. म्हणून स्वयंपाकघरांत वापरण्याचा, शून्यापासून शंभराच्या पुढपर्यंत अंश दाखविणारा उष्णतामापक घ्यावा. तापाचा थर्मामीटर या कामीं मुळींच वापरूं नये. त्याची धांव ३५ ते ४२ अंशांचीच असते, आणि पाऱ्याचा असेल तर कढत पाण्यांत तो फुटून पारा पाण्यांत जाईल. यंत्र दोन तास कोणी हात न लावतां चालूं द्यावें. पहिला अर्धा पेला टाकून द्यावा, कारण तो तोटीच्या नळींत थांबलेला असतो. दुसरा पेला जाड भांड्यांत घेऊन लगेच मोजावा, आणि थंड पाणी, कढत पाणी व खोली यांचीं उष्णतामानें कागदावर लिहावीं.

थंड बाजूचा तपास पुढील क्रमानें करावा. प्रथम पाठीमागचीं बटणें पाहावीं. पुष्कळ यंत्रांत थंड आणि कढत यांचीं बटणें वेगळीं असतात, आणि झाडलोट करितांना त्यांतील एक बंद झालेलें असतें. समोरचा दिवा लागलेला दिसतो, म्हणून त्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं.

दुसरें, यंत्राची जागा. पाण्यांतून काढलेली उष्णता पाठीमागच्या जाळींतून खोलींत जाते; ती जाण्यास वाट हवी. यंत्र भिंतीस चिकटवून ठेवलें असेल, त्यावर दुपारचें ऊन येत असेल, किंवा शेजारीं गॅसची शेगडी असेल, तर काढलेली उष्णता तेथेंच घोटाळत राहते. भिंतीपासून वीतभर अंतर ठेवावें, प्लग काढून जाळीवरची धूळ मऊ ब्रशानें झाडावी, आणि यंत्र पुन्हां चालूं करून दोन तासांनीं मोजावें. पंख्याच्या यंत्रांत तर पंखा थांबला कीं थंडी थांबली. म्हणून तो फिरतो कीं नाहीं, हें कान लावून पाहावें. तो फिरत असूनही ४० अंशांच्या स्वयंपाकघरांत पाणी पुरेसें निवत नसेल, तर यंत्र थंड खोलींत हलवून पाहावें. या जातीच्या यंत्राची थंडी खोलीच्या मानानें ठरते.

तिसरें कारण फारसें कोणास ठाऊक नसतें. ज्या यंत्रावर पाण्याचा मोठा जार उलटा ठेवतात, त्याच्या थंड टांकींत बहुधा एक प्लास्टिकची चकती बसविलेली असते. चकतीच्या वर जारांतून आलेलें साधें पाणी आणि खालीं निवलेलें पाणी, अशी ती वांटणी करिते. टांकी धुतांना ही चकती काढली जाते आणि कित्येकदां परत बसवावयाची राहते. मग नवें पाणी सरळ थंड पाण्यांत मिसळतें. थंड तोटीला कोमट आणि साध्या तोटीला किंचित् गार पाणी येऊं लागतें. दोन्ही तोट्यांचें पाणी सारख्याच उष्णतामानाचें आढळलें, तर कारागिरास बोलावण्यापूर्वीं ही चकती मांडणीवर राहिली नाहीं ना, हें पाहावें.

चौथें, पाणी निवण्याऐवजीं तोटीच बंद पडणें. थर्मोस्टॅटचा कांटा अगदीं शेवटच्या आंकड्यावर नेला असतां टांकीच्या कडेला बर्फ धरतो आणि पाण्याची वाट अडते. यंत्र तीन-चार तास बंद ठेवून बर्फ वितळूं द्यावा आणि कांटा मधोमध आणावा. बर्फ सुरीनें खरवडूं नये.

पांचवें, कॉम्प्रेसरचा आवाज. वीज जाऊन आल्याबरोबर तो ‘टक्’ करून थांबत असेल, तर त्यास पांच मिनिटें विसांवा द्यावा. आंतील दाब सारखा झाल्याशिवाय तो पुन्हां उचल खात नाहीं. विजेचा दाब फार उतरला असतांही असेंच होतें. यंत्र आडवें घालून गाडींतून आणलें असेल, तर कांहीं तास उभें ठेवून मगच चालूं करावें, म्हणजे कॉम्प्रेसरमधील तेल आपल्या जागीं उतरतें. परंतु कॉम्प्रेसर अखंड चालतो, पाठीमागची जाळी मात्र खोलीइतकीच गार आहे, आणि पाणी निवत नाहीं, अशीं तिन्हीं लक्षणें एकत्र दिसलीं, तर नळ्यांतील वायु निसटला असण्याचा फार संभव आहे. येथें घरच्या माणसाचें काम संपतें. अनेक नव्या यंत्रांत आइसोब्युटेन नांवाचा ज्वालाग्राही वायु असतो. त्या नळ्यांस खिळा, सुरी किंवा ज्योत लावूं नये.

कढत बाजूचें गणित अधिक सरळ आहे. टांकी सुमारें एक लिटरची आणि तापविणारी तार बहुधा ५०० वॅटची असते. एक लिटर पाणी २५ अंशांवरून ९० अंशांवर नेण्यास ६५ किलोकॅलरी लागतात. ५०० वॅटच्या तारेस त्यासाठीं सुमारें नऊ मिनिटें लागतात. म्हणून घड्याळ लावून पाहिलें असतां यंत्र आपली हकीकत आपणच सांगतें. नऊ-दहा मिनिटांत दिवा विझला आणि पाणी ९० अंशांच्या आसपास भरलें, तर सर्व ठीक आहे. पंधरा मिनिटें लागलीं, तर विजेचा दाब तपासावा. २३० व्होल्टच्या जागीं १८० व्होल्ट येत असतील, तर तारेची शक्ति सुमारें ६१ टक्क्यांवर उतरते, आणि नऊ मिनिटांचीं पंधरा मिनिटें होतात.

दिवा वेळेपूर्वीं विझतो आणि पाणी ६५-७० अंशांवरच राहतें, असें आढळलें तर टांकींत क्षारांचा थर बसल्याचा संशय घ्यावा. विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या जड पाण्यांतील चुना तापल्यावर भिंतीवर बसतो. पुष्कळ यंत्रांत तापविणारा पट्टा आणि थर्मोस्टॅट हे दोन्ही टांकीच्या बाहेरच्या अंगास लागलेले असतात. थरामुळें उष्णता आंत जात नाहीं, भिंत मात्र तापते. थर्मोस्टॅट भिंतीवर विश्वास ठेवून वीज तोडतो आणि आंतलें पाणी मागें राहतें. पाण्यांत पांढरे कण येणें आणि तापतांना तडतड आवाज होणें, हीं याचींच लक्षणें. प्लग काढून, टांकी पूर्ण निवूं देऊन, पाठीमागच्या बुचानें ती रिकामी करावी. लिटरभर पाण्यांत दोन चमचे लिंबाचें सत विरघळवून तें अर्धा तास आंत राहूं द्यावें, आणि नंतर तीन-चार वेळां स्वच्छ पाण्यानें टांकी विसळावी. पुस्तिकेंत निराळें प्रमाण दिलें असेल, तर तेंच पाळावें.

पाणी मुळींच तापत नसेल, तर प्रथम टांकी भरली आहे कीं नाहीं, हें पाहावें. नवा जार लावल्यावर आंत हवा अडकते, आणि टांकी रिकामी असतांनाच तार तापूं लागते. म्हणून नियम असा ठेवावा कीं, कढत तोटीतून पाण्याची अखंड धार आल्यावरच कढत बाजूचें बटण दाबावें. टांकी कोरडी तापली, म्हणजे एक संरक्षक कळ वीज तोडते. कांहीं यंत्रांत ती पाठीमागच्या लहान बटणानें पुन्हां लावतां येते. प्लग काढून अर्धा तास थांबावें, टांकी भरावी आणि मग तें बटण दाबावें. तीच कळ पुन्हां तुटली, तर तिला तिसऱ्यांदा दाबूं नये. ती कांहीं तरी सांगत आहे. यंत्र चालूं करतांच घरांतील आरसीसीबी उडत असेल, तर तारेंतील वीज पाण्यांत किंवा पत्र्यांत उतरत आहे, असें समजावें. ती कळ बांधून ठेवून किंवा अर्थिंग काढून यंत्र चालविणें म्हणजे प्राणाशीं खेळ आहे.

याच्या उलट तक्रारही येते : यंत्र सारखें वाफा सोडतें आणि तोटी फुरफुरते. मुंबईस हा थर्मोस्टॅटचा दोष होय. महाबळेश्वरीं मात्र पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतें. तेथें ९५ अंशांवर लावलेलें निर्दोष यंत्रही उकळ्या फोडूं लागतें, आणि कांटा खालीं आणला म्हणजे काम भागतें.

आतां या सर्व मोजमापांतील सर्वांत महत्त्वाचा आंकडा. पाणी अगदीं गार राहिलें तर फार तर चहा होत नाहीं. परंतु अर्धवट तापलेलें पाणी हें पूर्ण बिघाडापेक्षां अधिक वाईट असतें, कारण त्यानें दोन्हीकडून फसवणूक होते. त्यास कढत म्हणून लोक विश्वासतात, आणि कोमट म्हणून मुलें त्याखालीं हात धरतात. ६० अंशांच्या पाण्यानें मोठ्या माणसाची त्वचा सुमारें पांच सेकंदांत खोलवर भाजते, असें मॉरिट्झ आणि हेन्रिकेस या संशोधकांच्या १९४७ सालच्या प्रयोगांतून दिसलें. मुलांची त्वचा त्याहून पातळ असते. याउलट, बाळाच्या दुधाची पावडर कालविण्यास पाणी ७० अंशांहून कमी नसावें, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २००७ च्या मार्गदर्शनांत सांगितलें आहे. कारण पावडर स्वतः निर्जंतुक नसते, आणि तींतील जंतु मारण्यास तेवढी उष्णता लागते. म्हणजे ६० अंशांचें पाणी मुलाचा हात भाजण्यास पुरेसें आणि त्याचें दूध सुरक्षित करण्यास अपुरें असतें. डोळ्यांस मात्र ६० आणि ८५ यांतील भेद दिसत नाहीं; दोहोंतूनही वाफ निघते.

म्हणून ज्या घरीं वरचें दूध घेणारें तान्हें मूल आहे, तेथें या कामासाठीं यंत्रावर अवलंबून राहूं नये. पाणी चुलीवर खळखळून उकळावें, अर्ध्या तासाच्या आंत त्यांत पावडर कालवावी आणि दूध निववून, मनगटावर थेंब टाकून पाहून मग पाजावें. ज्या घरीं रांगतें किंवा चालतें मूल आहे, तेथें कढत तोटीचें मुलांसाठीं केलेलें कुलूप खरोखर लागतें कीं नाहीं, हें आठवड्यांतून एकदां पाहावें. तें मोडलें असेल, तर दुरुस्त होईपर्यंत कढत बाजूचें बटण बंद ठेवावें. तरीही भाजलेंच, तर भाजलेला भाग वीस मिनिटें नळाच्या वाहत्या गार पाण्याखालीं धरावा, बांगडी-अंगठी लगेच काढावी आणि डॉक्टरांकडे जावें. बर्फ, हळद, शाई किंवा दंतमंजन यांपैकीं कांहींही लावूं नये.

थंडीविषयींही एक गैरसमज आहे. थंड पाणी शुद्ध असतें असें नाहीं. थंडीनें जंतूंची वाढ मंदावते, ते मरत नाहींत. जारांतील पाणी शंकास्पद असेल, तर थंड तोटीनें तें सुधारत नाहीं. बाहेरगांवाहून परतल्यावर टांकींतलें पाणी टाकून द्यावें, आणि तोट्यांचीं तोंडें नेमानें धुवावीं. हात सर्वांत जास्त लागतात ते तेथेंच.

इतकें करूनही दोष राहिला, तर कारागिरास बोलवावें. वायु, कॉम्प्रेसर, विजेची तार आणि थर्मोस्टॅट हीं त्याचींच कामें आहेत. परंतु त्यास ‘यंत्र चालत नाहीं’ एवढेंच सांगूं नये. खोलीचें उष्णतामान, थंड पाण्याचें, कढत पाण्याचें, तापण्यास लागलेलीं मिनिटें, पाठीमागची जाळी ऊन कीं गार, आणि शेवटची सफाई केव्हां झाली, हीं सहा उत्तरें एका कागदावर लिहून यंत्राच्या बाजूस चिकटवून ठेवावीं. यंत्र चांगलें चालत असतांनाच हा कागद एकदां भरून ठेवला, म्हणजे पुढें बिघाड झाल्यावर तुलनेस तो उपयोगी पडतो. त्यासाठीं एक उष्णतामापक, एक घड्याळ आणि रविवारची एक सकाळ पुरते.